तो रकाना भरताना

घरगुती हिंसेची तक्रार घेऊन बाई संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरगुती हिंसेच्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, गेली की एक छापील नमुना भरला जातो. कागदोपत्री त्याचं नाव ‘घरगुती घटना अहवाल’. कोर्टात, केंद्रात, सगळीकडे त्याला डीआयआर म्हणतात. शारीरिक हिंसा, लैंगिक हिंसा, शाब्दिक आणि भावनिक हिंसा, आर्थिक हिंसा, हुंड्यावरून छळ असे त्याचे भाग आहेत. समुपदेशन केंद्रात कामाला लागल्यापासून मी असे अहवाल ढिगाने पाहिले. मारहाणीचा भाग गच्च भरलेला असतो, जागा पुरत नाही म्हणून समासातही लिहिलेलं असतं. पैशांचा भागही भरतो. लैंगिक हिंसेच्या भागावर मात्र बहुतेक वेळा आडवी रेघ.

ती रेघ खरी नसते, हे या कामातल्या प्रत्येकीला माहीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. त्यातही मारहाणीबद्दल एखादी बोलते. अंथरुणातल्या जबरदस्तीबद्दल आपणहून बोलणारी विरळाच.

रेखाचा डीआयआर त्या रेघेशिवाय भरला गेला. रेखा हे नाव मी दिलेलं. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते तिच्या परवानगीने लिहिते आहे. मसुदा तिने वाचला, काही ठिकाणी काट मारली, एका ठिकाणी “हे नीट लिहा” म्हणून सांगितलं. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ती आमच्याकडे आली ते पोटगीचं विचारायला. नवरा घरखर्चाला पैसे देत नाही, तिच्या स्वतःच्या पगाराचं एटीएम कार्डही त्याच्याच खिशात. “मारतो का?” असं विचारल्यावर म्हणाली, “तसं नाही मारत.” त्या ‘तसं’मध्ये काहीतरी होतं, पण तिने लगेच पोरीच्या शाळेचा विषय काढला आणि मीही तो चालू दिला. पहिल्याच भेटीत खणायला लागलं की बाई दुसऱ्या भेटीला येत नाही.

पुढच्या एका भेटीत कागद आवरता आवरता तिने विचारलं, “ताई, तांबीचा दोरा आखूड कापता येतो का? हाताला लागणार नाही इतका?”

तांबी म्हणजे कॉपर-टी. तिचे बारीक दोरे गर्भाशयाच्या तोंडाशी राहतात, म्हणजे पुढे काढायची झाली तर डॉक्टरांना सापडावेत. हा प्रश्न कुणी उगाच विचारत नाही. मी म्हटलं, “येतो कापता. कुणाच्या हाताला लागतो?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मागची त्याने ओढून काढली. तांबी बसवली म्हणजे बाहेर कुणीतरी आहे, असं त्याचं म्हणणं.

इथून पुढचं बोलणं सुरू व्हायच्या आधी मी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. तू जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय मी तुझ्या घरच्यांना, पोलिसांना, कुणालाही सांगणार नाही. पण तुझ्या किंवा पोरीच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मला माझ्या वरिष्ठांशी बोलावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. हे अगोदर सांगायचं असतं. सगळं ऐकून झाल्यावर “पण हे मला कळवावं लागेल हं” म्हणणं म्हणजे तिने कुठे नाही ते एका ठिकाणी टाकलेला विश्वासही काढून घेणं.

मग मी विचारलं, “तुझी इच्छा नसताना तो जवळ येतो का?”

“इच्छा कोण विचारतं?” ती थोडी हसली. “रोज नाही. पण नाही म्हटलं की त्या दिवशी होतंच.”

मी तपशील विचारले नाहीत. कसं, किती वेळा, कधीपासून, काहीही नाही. वही मिटून ठेवली होती. लोकांना वाटतं आधार देणं म्हणजे खूप काही बोलणं. प्रत्यक्षात मी त्या दुपारी एवढंच बोलले: यात तुझी चूक नाही. तू सांगितलंस, मला खरं वाटतं. आणि आज लगेच काही ठरवायची गरज नाही. तिने मला एकच उलट प्रश्न विचारला, तुम्ही असं ऐकलंय का आणखी कुणाकडून? मी म्हटलं, खूप जणींकडून. तेव्हा ती टेकून बसली.

नवी मुलगी केंद्रात आली की शिकताना हमखास विचारते, बाई ओरडत का नाही, हात झटकून उठत का नाही? रेखाने न विचारताच सांगितलं, “मी ओरडत नाही ताई. पोरगी जागी होते.” आणि मग, “नंतर नंतर अंग लाकडासारखं होतं. छताकडे बघत राहते.” भीतीने शरीर असं गोठतं. ते ठरवून होत नाही आणि त्याचा अर्थ संमती असा होत नाही. शरीर का गोठतं हे मी तिलाही सांगितलं, कारण आतल्या आत ती त्याचाच दोष स्वतःला देत होती.

त्यानंतरचा भाग म्हणजे धोका मापणं. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने जोडीदाराच्या हातून जीव जायचा धोका ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यातला एक प्रश्न जबरदस्तीच्या संबंधांचाच आहे. दुसरा गळा दाबण्याचा. जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेला असेल तर त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं. रेखाला विचारलं, “गळ्याला हात लावलाय का कधी?” ती म्हणाली, “दाबला नाही. ठेवला होता.”

ठेवला होता, हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि वरिष्ठांशी बोलावं लागेल असं तिला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग तिला तिथून काढा ना लगेच. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळ्यात सरळ उपाय वाटतो. पण बाई घर सोडते किंवा सोडणार असं त्याला कळतं, तोच काळ सगळ्यात जोखमीचा असतो. म्हणून आम्ही आधी निघण्याची तयारी करतो आणि निघायचं कधी ते तिच्यावर सोडतो. आधार कार्ड, पोरीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक यांच्या प्रती केंद्रात ठेवल्या. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत उघडायचा अर्ज तिने कामाच्या ठिकाणाहूनच दिला. फोनची गोष्ट वेगळी होती. तिचं लोकेशन त्याच्या फोनवर दिसत होतं. ते एकदम बंद केलं तर त्याला कळलं असतं, म्हणून ती केंद्रात येताना फोन कामावर मैत्रिणीकडे ठेवू लागली. शेजारच्या काकूंना एवढंच सांगितलं होतं की पोरगी कधी एकटी तुमच्याकडे आली आणि “आईने साखर मागितलीय” म्हणाली तर दार लावून घ्या आणि ११२ ला फोन करा. काकूंनी कारण विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माहीत होतं.

तांबीच्या प्रश्नावरून आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी दोऱ्याच्या भानगडीत न पडता ‘अंतरा’ सुचवली. दर तीन महिन्यांनी घ्यायचं हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. घरात सापडेल असं त्यात काही नसतं. पाळी अनियमित होऊ शकते, पुढे बऱ्याच जणींची बंदही होते, आणि ते त्याच्या लक्षात येईल का, हाही विचार त्यांनी तिच्याबरोबर केला. पुढच्या तारखेचं कार्ड आमच्या कपाटात राहिलं. रुग्णालयातल्या लोकांना हे काम जमतं, शिकवलं तर. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे हिंसापीडित बायकांसाठीचं केंद्र दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे. तिथे पोटदुखी आणि अंगदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईलाही हिंसेबद्दल विचारलं जातं.

पण सगळीकडे तसं नसतं. काही आठवड्यांनी एके सकाळी रेखा कामावर न जाता थेट केंद्रात आली. मनगटावर बोटांच्या खुणा होत्या. मी तिला पर्याय सांगितले: दवाखाना, पोलीस, काहीच नाही. तिने दवाखाना म्हटलं, पोलीस नको म्हटलं. दवाखाना लवकर गाठण्याला कारण असतं. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. ज्यांना गर्भाची भीती आहे त्यांच्यासाठी तातडीची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. पुराव्यासाठीचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, “कुणी केलं?” “नवऱ्याने.” त्याने पेन खाली ठेवलं. “नवऱ्यानेच ना? मग केस कसली करायची?”

रेखासमोर वाद घालायचा नाही, हा माझा नियम आहे. ती आधीच आक्रसून बसलेली असते. आवाज चढले की तिला वाटतं हे आपल्यामुळे. मी पिशवीतून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि वरिष्ठ डॉक्टरांना बोलवा म्हटलं. त्या आल्या, आणि पुढचं नीट झालं. या सूचनांनुसार तीन गोष्टींची संमती वेगवेगळी घ्यायची असते: तपासणी आणि उपचार, पुराव्यासाठी नमुने, आणि पोलिसांना कळवणं. रेखाने पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही म्हटलं. तिचा नकारही लिहून घेतला गेला, खाली तिची सही. पोलिसात जात नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. मी ही ओळ मुद्दाम लिहिते आहे, कारण याच भीतीने कितीतरी जणी दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

त्या डॉक्टर प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगत होत्या, आता हे करणार आहे, नको असेल तर सांग. रेखाने एकदा “थांबा” म्हटलं, त्या थांबल्या. (‘टू फिंगर टेस्ट’ नावाचा, योनीत दोन बोटं घालून तपासण्याचा जो अघोरी प्रकार पूर्वी चालायचा, तो आता कुणी केला तर ते गैरवर्तन ठरेल असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं आहे.) केसपेपरवर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर रेखा म्हणाली, “थांबा म्हटल्यावर थांबल्या.” एवढंच. रिक्षात बसेपर्यंत दुसरं काही बोलली नाही.

कायद्याचं बोलणं आम्ही त्यानंतर, ती स्वतः विचारायला लागल्यावर केलं. तिने सरळ विचारलं, “हा बलात्कार आहे ना?” मला जे वाटतं ते आणि कायद्यात जे आहे ते, दोन्ही सांगणं भाग होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये जुना अपवाद तसाच ठेवला आहे: बायको अठरा वर्षांहून लहान नसेल तर नवऱ्याने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार धरला जात नाही. बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवायला नेमलेल्या न्या. वर्मा समितीने २०१३ मध्येच हा अपवाद काढून टाकायला सांगितलं होतं. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर दोन वेगळे निकाल दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

“म्हणजे त्याने केलं तो गुन्हाच नाही?”

बलात्कार म्हणून नाही. पण नवऱ्याच्या क्रूरतेचं कलम, आता ८५, आहे. तू वेगळी राहायला लागलीस आणि तो तिथे येऊन जबरदस्ती करू लागला, तर कलम ६७ खाली तो गुन्हा आहे, दोन ते सात वर्षांची शिक्षा. आणि २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा लैंगिक छळाला हिंसाच म्हणतो, करणारा नवरा असला तरी, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारा जोडीदार असला तरी. त्या कायद्याखाली त्याला जेलमध्ये घालता येत नाही, पण त्याला तुझ्यापासून लांब ठेवता येतं, राहायची सोय मागता येते, खर्च मागता येतो. तो आदेश त्याने मोडला तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेखा ऐकत होती. शेवटी म्हणाली, लांब ठेवता येत असेल तर तेच हवंय.

मग आम्ही तिचं निवेदन लिहायला बसलो. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. बाईला आपली कहाणी केंद्रात सांगावी लागते, दवाखान्यात सांगावी लागते, संरक्षण अधिकाऱ्यांना, वकिलांना, कधी पोलिसांना, शेवटी कोर्टात. प्रत्येक वेळी नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. दर वेळी सांगताना थोडं काहीतरी बदलतं, कारण अशा प्रसंगांची आठवण घड्याळाच्या क्रमाने राहत नाही, आणि मग तोच बदल उलटतपासणीत तिच्यावर उलटवला जातो. म्हणून एकदाच, सावकाश, तिच्या शब्दांत लिहून ठेवायचं. तारखा आठवत नव्हत्या. “पोरीला कांजिण्या आल्या त्या आठवड्यात”, “भाऊबीजेला माहेरी जाऊन आल्यावर” अशा खुणा तिला आठवत होत्या. आम्ही त्याच ठेवल्या. ती दमली की थांबायचो. काही वाक्यं तिने बोलायला नकार दिला आणि स्वतः कागदावर लिहून माझ्याकडे सरकवली.

संरक्षण अधिकारी मॅडम चांगल्या होत्या, हे आधी सांगते. त्यांनी पहिला भाग भरला, मग पानावर बोट ठेवून पुढच्या भागावर गेल्या. मी लैंगिक हिंसेचं विचारलं. त्या रेखाकडे बघून म्हणाल्या, “बाळा, बाकीचं पुरेसं आहे. हे लिहिलंस तर समोरचा वकील हेच उकरून काढेल. नको त्या फंदात.” यात तथ्य नाही असं नाही. त्यांनी अशा केसेस बघितल्या होत्या. पण निर्णय त्यांचा नव्हता, माझाही नव्हता. मी रेखाला म्हटलं, मॅडम म्हणतायत तसंही होऊ शकतं. लिहायचं की नाही, तू सांग.

नमुन्यात त्या भागाखाली बारीक अक्षरात पर्याय छापलेले असतात: जबरदस्तीचा संभोग, अश्लील चित्रं किंवा साहित्य बघायला लावणं, इतरांचं मन रिझवायला बळजबरी करणं, प्रतिष्ठेला बाधा आणणारं आणखी काही. रेखाने नमुना स्वतःकडे फिरवून घेतला. बोटाने ओळी वाचल्या. “हे छापलेलंच आहे की,” ती म्हणाली. कुणीतरी सरकारी छापखान्यात हे आधीच छापून ठेवलंय, म्हणजे हे होतं, होत असतं, आणि ते लिहायला जागा आहे, ही गोष्ट तिला माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा जास्त पटली. मग तिने दोन ओळींवर बोट ठेवलं आणि निवेदनाचा कागद मॅडमसमोर ठेवला. “यातलं लिहा. तोंडाने नाही सांगणार.” मॅडमनी एक अक्षर न बोलता उतरवून घेतलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे तसंच. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १२ चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल शक्यतो साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारीख पे तारीख. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाले. बाईला ही मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. वकिलांनी कलम १६ खाली बंद दालनात सुनावणी मागितली आणि ती मिळाली.

पण पहिल्या तारखेच्या आधी रेखा नवऱ्याकडे परत गेली.

माहेरी राहायला आली होती. आई रोज म्हणायची, “नवराच आहे ना, परका आहे का?” मामा मध्ये पडले, त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, पोरगी बाबाकडे जायचं म्हणून रडत होती. रेखाने मला फोन केला तो अपराध्यासारखा. “तुम्ही रागावला असाल. अर्ज मागे घ्यायचा का?” मी म्हटलं, रागावले नाही. अर्ज ठेवायचा की घ्यायचा ते तू ठरव, घाई नाही. इंजेक्शनची तारीख जवळ आलीय, तेवढी चुकवू नकोस. परत जाणाऱ्या बाईवर केंद्रातल्याच कुणीतरी तोंड टाकल्याचं मी पाहिलं आहे. “एवढं केलं तिच्यासाठी आणि ही बघा.” अशा बाईला पुन्हा निघायचं असतं तेव्हा ती आपल्याकडे येत नाही. रेखाने अर्ज ठेवला. इंजेक्शनला आली. नंतर एका सकाळी पोरीला शाळेत सोडून, शाळेच्याच दप्तरात दोघींचे कपडे घालून, ती माहेरी न जाता कामावरच्या मैत्रिणीकडे गेली.

त्याच्या वकिलाची नोटीस मग तिथे आली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, पत्नीने योग्य कारणाशिवाय संग सोडला, तरी तिने नांदायला यावं. नोटीस वाचून रेखाचे हात थरथरत होते. पोलीस धरून नेतील का, हा तिचा पहिला प्रश्न. नेत नाहीत. आज असा हुकूम झाला आणि पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, बाईला उचलून नेता येत नाही. मी तिला रखमाबाईंबद्दल सांगितलं. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्या तुरुंग पत्करते म्हणाल्या होत्या. पुढे तडजोड झाली, तुरुंग टळला आणि त्या डॉक्टर झाल्या. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं. इच्छेविरुद्ध नांदवण्याचा दावा इतक्या वर्षांनी अजून लावता येतो याचा मला अजूनही संताप येतो. रेखाला नाही आला. ती म्हणाली, “मग उत्तरात तेच लिहा. योग्य कारण आहे.” डीआयआरची आणि केसपेपरची प्रत उत्तराला जोडली. तो भाग रिकामा असता तर ‘योग्य कारण’ म्हणून दाखवायला काय होतं?

अंतरिम आदेश झाला. त्याने तिच्या राहत्या जागी, कामावर, मुलीच्या शाळेच्या आवारात यायचं नाही. भाड्याची खोली आणि दरमहा खर्च. घरात राहायचा हक्क तिला कायद्याने होता, तो तिने मागितला नाही. त्या खोलीत मला झोप लागणार नाही म्हणाली. खर्चाचे पैसे वेळेवर येत नाहीत, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. त्याला मुलगी भेटते, केंद्रात, कुणीतरी समोर असताना.

कागद झाले म्हणून शरीर लगेच ऐकत नाही. बरेच दिवस ती दिवा चालू ठेवून झोपायची. मागून कुणी हाक मारली की दचकते, अजूनही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला ती आधी तयार नव्हती, “मी वेडी नाही” म्हणून. मग स्वतःच गेली, झोपेसाठी. माझ्यासारख्यांनाही हे ऐकून ऐकून काहीतरी होतं. आमच्याकडे महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशक येतात, फक्त आम्हा कार्यकर्त्यांसाठी. ती चैन नाही, तिच्याशिवाय हे काम दोन वर्षांच्या वर निभत नाही.

आता तिची उलटतपासणी आहे. वकील तयारी करून घेतायत: प्रश्न पूर्ण ऐक, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, पाणी माग, थांब म्हण. तिला विचारलं की लैंगिक हिंसेचा तो भाग काढून टाकायचा आहे का. नाही म्हणाली. आई या वेळी बरोबर यायचं म्हणते आहे. रेखाने अजून हो म्हटलेलं नाही.

मसुदा वाचताना “नीट लिहा” म्हणाली ते हे: नुसती गोष्ट सांगू नका, फोन कुठे करायचा ते लिहा. १८१ ही महिला हेल्पलाइन, तिथून जवळच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो. जीव धोक्यात असेल तर ११२. फुकट वकिलासाठी १५१००. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे, १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत सुरू केलेला. तिथे गुन्हा न नोंदवताही बोलता येतं. आणि रेखाने पुढे पेन्सिलीने जोडलेलं: शक्यतो दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावा. स्वतःच्याच फोनवरून लावावा लागला, तर बोलून झाल्यावर तो नंबर कॉलच्या यादीतून काढून टाका.